कुलपातली बेरीज

मित्रांनो, आज मी अडगळीच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांशेजारी पडून आहे. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे रात्रंदिवस दुसऱ्यांची गणिते करणारा संगणक. लोक मला 'क्लाउड' म्हणत. ढग कसला आला आहे! चार भिंती, थंडगार हवा आणि पंख्यांची घरघर, एवढेच माझे आकाश होते.

माझे काम मात्र न्यारे होते. इस्पितळातून रुग्णांचे आकडे माझ्याकडे कुलूपबंद येत. मी ते न उघडताच त्यांच्या बेरजा-गुणाकार करी आणि उत्तरही कुलूपबंदच परत पाठवी. किल्ली फक्त इस्पितळाकडे असे. या युक्तीला होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन असे जडजंबाल नाव आहे. पाहुणे येत आणि तोंडभरून कौतुक करत. पण ज्याच्या हृदयाचे गणित मी केले, तो बरा झाला का, हे मला कधीच कळले नाही. त्याची फार हुरहूर वाटे.

माझी देखभाल एक ताई करत असे. तिच्या बाबांच्या तपासण्या त्याच इस्पितळात चालल्या होत्या. घरी बाबा "सगळं ठीक आहे" म्हणत आणि विषय बदलत.

त्यातच ताईच्या साहेबांनी घाई केली. कुलूपबंद आकड्यांचा प्रत्येक गुणाकार मागे थोडा कचरा ठेवतो आणि तो मधूनमधून झाडावा लागतो. वेळ वाचवायला साहेबांनी झाडणेच गाळले. इस्पितळाने उत्तरे उघडली, तर आत नुसता भुसा! सारे गणित पुन्हा करण्याचे काम ताईच्या गळ्यात पडले.

ती माझ्यासमोर बसली. टप्प्याटप्प्यावर कचरा झाडत ती पुटपुटली, "यातच कुठेतरी बाबांचा रिपोर्ट आहे. सांग ना रे, काय आहे त्यात?"

साहेब ओशाळून म्हणाले, "अगं, त्या बिचाऱ्याला तरी कुठे ठाऊक आहे?"

त्या दिवशी मला वाचा हवी होती. पण ती असती, तरी सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हते.

उत्तरे इस्पितळाकडे गेली. पुढच्याच आठवड्यात बाबा स्वतः माझ्या खोलीच्या काचेच्या दाराशी आले. "पोरी, हृदयाचं ऑपरेशन करायचंय. डॉक्टरांना म्हटलं, लेकीला मीच सांगणार."

"मग इतके दिवस का लपवलंत, बाबा?"

"मलाच धीर होत नव्हता गं."

ताई त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि रजा टाकून त्यांच्याबरोबर गेली. ती परतण्याआधीच नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी इथे झाली.

मित्रांनो, कुणाच्या मनाचे कुलूप फोडू नका. त्याला बोलावेसे वाटेपर्यंत त्याच्याजवळ बसा. आणि कधी ताई भेटली, तर विचारा, बाबा कसे आहेत? सांगावेसे वाटले, तर ती सांगेल. तिची हरकत नसेल, तर मलाही येऊन सांगा. जन्मभर इतकी उत्तरे पाठवली, त्यांतले एक तरी मला ऐकायला मिळू द्या.