नुसती थापून दाव

सोपानच्या पोटाचं पहिलं ऑपरेशन त्याच्या आईनं, चांगुणाबाईनंच वाया घालवलं होतं. महिनाभर नुसती पेज पाजा, असं नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पाण्यावर कुठं माणूस उभं राहतं व्हय, म्हणून आठव्याच दिवशी तिनं लेकाला दुधात भाकर कुस्करून चारली. पाथर्डीकडची कुठलीही आई दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि ते पुन्हा चिरावं लागलं.

आता ती दर दोन तासांनी अर्धी वाटी पेज मोजून देई. वासानं त्याचा जीव खालीवर होऊ नये म्हणून घरात तवाच चढत नव्हता. सून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, तीही पेज पिऊनच.

दुसऱ्या ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी सोपान म्हणाला, "आये, भाकर खायला नगं देऊ. नुसती थापून दाव."

तिनं रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ मळलं. ती भाकर थापू लागली. तो आवाज सोपान डोळे मिटून ऐकत राहिला. मिलोची भाकर सहसा फुगत नसे, ती आज टम्म फुगली. त्यानं छातीभर वास घेतला.

चांगुणाबाईनं पेजेची वाटी त्याच्या ओठाला लावली. त्यानं ती हळूच मागं सारली.

"नगं आये. पोट भरलं."

तिनं झटकन त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिला. दूधभाकर खाल्ली, त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता.