व्होल्गा पाहून आलेला गडू

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गडू आहे. पंचवटीतल्या एका भटजींच्या देवघरात, कोनाड्यात बसलेला असतो. आता माझ्यात पाणी नाही. पण मी जेवढी मोठी नदी पाहिली आहे, तेवढी या देवघरातल्या एकाही देवाने पाहिलेली नसेल. ही बढाई आहे, मला कबूल आहे. बढाई मारण्यापलीकडे माझ्या हाती आहे तरी काय?

नाशिकच्या तांबट आळीत ठोके खात माझा जन्म झाला. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून आम्ही गंगेचे गडू. यात्रेकरू रामकुंडावर येतात, गडूत पाणी भरतात, त्याचे तोंड कथलाने झाळून पक्के बंद करून घेतात आणि गावी नेतात. घरात कुणाचा शेवट जवळ आला की गडू फोडायचा आणि ते पाणी त्याच्या तोंडात घालायचे. तोपर्यंत आम्ही गप्प बसायचे.

मला मात्र यात्रेकरूने नेले नाही. याच घरच्या ढुंढिराज भटजींच्या पत्नी इंदिराबाईंनी मला घेतले. त्यांचा मुलगा गंगाधर भटजीपण सोडून ओझरच्या विमान कारखान्यात लागला होता, आणि आता त्याला शिकण्यासाठी रशियाला जायचे होते. पंच्याहत्तर साल असावे. मुलगा समुद्र ओलांडणार म्हणून वडिलांनी अबोला धरला. आई रडली नाही. तिने मला भरले, झाळून आणले आणि त्याच्या लोकरी कपड्यांत खुपसले.

"परका मुलूख आहे. कुणावर कशी वेळ येईल, सांगता येत नाही. जवळ असू दे," एवढेच ती म्हणाली.

हे बोलणे लक्षात ठेवा, मित्रांनो. गंगाधरच्या ते लक्षात राहिले नाही.

तिकडचे शिक्षण संपत आले, तेव्हा उन्हाळ्यात ओझरहून गेलेल्या सगळ्या मंडळींना व्होल्गा नदीवरून लांबच्या सहलीला नेले. पांढरी दुमजली बोट होती. गंगाधरने मला खोलीच्या खिडकीत ठेवले होते. कित्येक दिवस आम्ही नुसते पुढे जात होतो. नदी कसली, गंगापूरचे धरण संपूच नये तसे पाणी. काठावर टेकडी आली की तिच्यावर पांढऱ्या तटाचा किल्ला, आणि तटामागे कांद्यासारखे कळस, कुठे निळे, कुठे सोनेरी. मी पडलो नाशिकचा, मला कांदेच आठवणार. मग जुनी गावे यायची. लाकडी घरे, खिडक्यांभोवती नक्षी, काठावर धुणे धुणाऱ्या बायका. त्यांना पाहून मला आपला घाट आठवे आणि उगीच भरून येई.

गंगाधरच्या खोलीत निवृत्ती नावाचा सोबती होता. ओझरजवळच्या खेड्यातला, यंत्रावर काम करणारा, हसरा माणूस. किल्ला दिसला की तो पोरासारखा कठड्याशी पळायचा. एका गावी बोट धक्क्याला लागली आणि त्याच्या हाती तार पडली. त्याचे वडील वारले होते. तार फिरत फिरत आली होती. तोवर गावी दहावाही उरकला होता. निवृत्ती माझ्यासमोर खाटेवर बसला.

"बाप गेला तिकडं, अन् मी हितं किल्ले बघत बसलोय," तो म्हणाला.

विमाने बांधणारी माणसे ही, पण त्या नदीवरून घरी कशी पोचणार? 

मग गंगाधर उठला. लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेले मंत्र त्याने कधीच टाकून दिले होते, ते त्याला आठवून आठवून जुळवावे लागले. त्याने चाकूने माझी झाळ खरवडली. तीळ नव्हते. जेवणातल्या पावावर खसखस होती, तीच झटकून घेतली. दोघे मला घेऊन डेकवर आले. पितरांना पाणी देताना दक्षिणेकडे तोंड करायचे असते, पण नदी वळणे घेत होती आणि दक्षिण काही जागेवर राहीना. गंगाधर सूर्याकडे बघत निवृत्तीला खांद्याला धरून सारखा वळवत होता. मी निवृत्तीच्या ओंजळीत रिता होत गेलो आणि गोदावरी व्होल्गात पडली. समोरून एक मोठा किल्ला सरकत गेला, पण त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. बोटीवर बाजा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने वाजवणे थांबवले आणि टोपी काढली.

मी ज्यासाठी घडलो, ते काम त्या दिवशी झाले.

आता पुढचे ऐका. रिकामा गडू घरी नेऊ नये, अशी समजूत. गंगाधरने मला दोरीने व्होल्गात सोडले, भरून घेतले आणि सहलीहून परतल्यावर तिथल्या कारखान्यात स्वतः झाळले. काम इतके सफाईदार, की तांबट आळीलाही फरक कळू नये. घरी गेल्यावर आईला सगळे सांगतो, असे तो निवृत्तीला म्हणाला होता.

पण दारात भाकरतुकडा ओवाळून होताच इंदिराबाईंनी मला हातात घेतले आणि झाळेवरून बोट फिरवले. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या.

"बंद गेला, बंद आला. गंगेनं माझ्या लेकाला राखलं," त्या म्हणाल्या.

गंगाधर काहीतरी बोलणार होता, तो थांबला. उद्या सांगू, असे त्याला वाटले असावे. त्याच दिवशी भटजींनीही अबोला सोडला. मग तर सांगणे आणखीच अवघड होऊन बसले.

मी देवघरात आलो. रोज हळदकुंकू, सणासुदीला चिंच लावून घासणे, सिंहस्थात आलेल्या पाहुण्यांना दाखवणे, माझा तोरा काही विचारू नका. साता समुद्रापार जाऊन आला तरी गंगेचा थेंब सांडला नाही, असे इंदिराबाई सांगत, आणि माझ्या पोटात व्होल्गा. निवृत्तीला त्यांच्या पाया पडायला यायचे होते. गंगाधर दर वेळी काहीतरी कारण काढून त्याला टाळी. मला ओरडून सांगावेसे वाटे. पण गडूच तो, काय ओरडणार?

पुढे इंदिराबाई अंथरुणाला खिळल्या. रामकुंड हाकेच्या अंतरावर होते, तरी त्यांना माझेच पाणी हवे होते. भटजींनी माझी झाळ फोडली. गंगाधर उंबऱ्यात उभा होता. सांगावे तर आईची श्रद्धा मोडते, न सांगावे तर तिच्या ओठांत परकी नदी जाते. तो नुसता उभा राहिला. तुळशीच्या पानावरून व्होल्गा तिच्या तोंडात उतरली. त्या माउलीने समाधानाने डोळे मिटले. मला काहीही करता आले नाही.

तेराव्याला निवृत्ती न बोलावता आला. त्याने भटजींच्या पायांवर डोके ठेवले.

"काकूंच्या गडूनं माझ्या बापाला पाणी मिळालं. लय वर्सं त्यांना सांगायचं होतं," तो म्हणाला, आणि बोटीवरची सगळी हकीकत त्याने सांगून टाकली.

वडील आता संतापणार, म्हणून गंगाधरने मान खाली घातली. भटजी संतापले नाहीत. त्यांनी मला उचलले, आत पाहिले.

"वेळेला लागावा म्हणूनच दिला होता ना रे तिनं? लागला, एवढं कळलं असतं, तर तिनं साऱ्या पंचवटीत साखर वाटली असती."

गंगाधर ओक्साबोक्शी रडला. 

तेव्हापासून मला कुणी भरत नाही. गंगाधर मला घासतो, पुसतो आणि कधी कधी हातात धरून पुटपुटत बसतो. ते कुणासाठी आहे, हे मला कळते. मी ऐकतो, पण पोचवू शकत नाही.

मित्रांनो, भांडी जपा, पितळ-तांबे घासा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरेच मागतो. तुमच्या हातून काही चांगले झाले असेल, तर ज्यांनी ते करण्याजोगे तुम्हाला दिले, त्यांना ते सांगा. उद्यावर टाकू नका. आई आत स्वयंपाकघरात असेल. जा.