खालच्या फळीवरची बाटली

दात जरा जास्तच पुढे झुकलाय — जबड्याच्या आतल्या बाजूचा — की आपल्यालाच तसा दिसतोय? हिराओकाने डबी खिडकीच्या उजेडात धरली. आत ओनोदेराने उत्तरेकडच्या गार मोरिओकाहून पाठवलेला भुंगेरा. काळा, रुंद, तकतकीत. आणि मागे वरच्या फळीवर आपले नर, त्याच आईचे, त्याच बापाचे... चिंचोक्यांसारखे.

गेल्या शरदात अर्ध्या अळ्या मीच त्याला पाठवल्या, बुरशी चढवलेल्या लाकडी भुशाच्या बाटल्यांत घालून, प्रत्येकीवर आईबापांची चिठ्ठी लावून. कारण आमच्या भुंगेरे पाळणाऱ्यांच्या मंडळात भुंगेऱ्यालाही घराणं असतं, आणि हे घराणं हिराओका. उद्या बैठक. उद्या हिराओका सगळ्यांसमोर सांगणार होता, हा नर माझ्या घराण्यातला नाही, ओनोदेराने बाहेरून विकत आणून माझं नाव चिकटवलंय. इतक्या वर्षांची मैत्री उद्या संपणार... संपू दे. इतकी वर्षं जो सतत हसतो तो काहीतरी लपवत असणारच.

काल फोनवरही हसलाच.

"अरे, रक्त तुझंच! गारवा तेवढा आमचा. थंडीत अळी सावकाश खात बसते, कोशात जायची घाई करत नाही, मग अंग भरतं, जबडा वाढतो. तुमच्या कुमामोतोच्या उकाड्यात पोरं लवकर वयात आली, दुसरं काय!"

"माझी खोली बावीस अंशांवर असते. रोज तापमापी बघतो मी."

"मग बैठकीला तापमापीच पाठव. बक्षीस घेऊन येईल."

हसण्याआधी तो किंचित थांबला होता. थांबला होता ना?

फुमिए टॉवेलांची चळत घेऊन आत आली, कपाटात ठेवली. "अहो, डोळे फुटतील एखाद्या दिवशी. जेवायला चला," असं म्हणत ती दाराकडे वळली आणि जाता जाता तिने भिंतीवरचं बटण दाबलं. एसी घरघरून थांबला.

"हे काय?"

"अगंबाई! आज दुकानाला सुट्टी नाही का तुमच्या." ती ओशाळून हसली. "हात सवयीने गेला."

"कसली सवय?"

"तुम्ही गेलात की बंद करते, यायच्या आधी लावते. किड्यांना गार वारा आणि मी तिकडे वाफेवर! मला शिजवून खायचंय का तुम्हाला?"

"पण तापमापी..."

तापमापी एसीच्या झोताखालीच लोंबत होती. मीच टांगली होती. झोत सुरू झाला की क्षणात बावीस, आणि वरच्या फळीवर दिवसभराचा उकाडा तसाच.

वरच्या फळीवर... तो गुडघ्यांवर बसला. अगदी खाली, जमिनीलगत, जिथे गारवा साचून राहतो, एक बाटली होती. अळी मेली असेल म्हणून त्याने महिनोन् महिने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्याने ती उचलून हळूच फिरवली. काचेलगतच्या पोकळीत मधाच्या रंगाचा कोश पडून होता, लांबलचक, जबडे छातीवर दुमडलेले. आतला दात तसाच, पुढे झुकलेला. बाटलीवरची चिठ्ठी आपल्याच अक्षरातली.

म्हणजे ओनोदेरा खरं बोलत होता.

आता हायसं वाटायला हवं होतं. तो वाट पाहत राहिला. वाटलं ते वेगळंच — हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं. रात्रभर घोटलेली ती वाक्यं आता कुणाला ऐकवायची? फुमिएला? स्वतःला?... बाटली इथे खाली कुणी ठेवली? वसंतात ओनोदेरा आला होता. आपण चहाचं सांगायला गेलो तेव्हा या खोलीत तो एकटाच होता. थोडाच वेळ. पण होता. आणि आपल्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांच्या बाटल्या त्याच्याकडेही होत्याच.

"अहो, शेवया विरघळतील हं पाण्यात!"

"आलो."

त्याने बटण दाबलं. एसी पुन्हा गुरगुरू लागला, गार झोत मानेवर आला, आणि हिराओकाला जाणवलं की आत, बरगड्यांखाली, काहीतरी अजून खात बसलंय... सावकाश, कोशात जायची कसलीच घाई न करता.