शिंपीकाकांच्या डाव्या हातातली मी

मित्रांनो, शिंपीकाकांच्या दुकानात माप द्यायला आलात, तर आरशाशेजारी खुंटीला टांगलेली दिसेन, ती मी. गिटारच्या शेंडेफळ बहिणीसारखी दिसते. अंगावर तारा चारच, नाव मात्र अंगापेक्षा मोठे: युकुलेले. आता मी जुनी झाले आहे, पण आवाज अजून शाबूत आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पातळ प्लायवूड वाफेवर वाकवून माझी कंबर घडली. माझ्यापुढे बहिणी, माझ्यामागे बहिणी, सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. तिथे कोणाला थांबून कौतुक करायला सवड नव्हती. मी खोक्यात बसले, खोके गोदामात बसले आणि माझा फोटो तेवढा लोकांच्या फोनमधून फिरत राहिला. फोटोखाली कोणीतरी शेरा मारला होता, ‘स्वस्त आहे, पण आवाज डब्यासारखा.’

काकांच्या लेकीने तो शेरा वाचूनही बाबांच्या बोटांसाठी मला मागवले. काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि डाव्या हाताची बोटे जड झाली होती. कात्री उजव्या हाताची, पण कापड धरायला डावा लागतो. शिलाई मशीनवर चादर पांघरलेली होती. डॉक्टरबाईंनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो काका मुद्दाम पलंगाखाली घरंगळू देत आणि म्हणत, “चेंडू दाबून कुणाची पँट शिवून होत नाही.”

खोके उघडल्यावर काकूंनी माझ्या पोटावर टिचकी मारली. “डबेच हवे होते, तर माझ्या स्वयंपाकघरात कमी होते का?”

त्यातून माझ्या नायलॉनच्या तारा कोऱ्या. संध्याकाळी सुरात लावावी, तर सकाळी मी ढिली. लेक हिरमुसली. “बाबा, ही बिघडलेलीच आली. परत पाठवू या, मुदत आहे अजून.”

मला गोदाम आठवले. पुन्हा ते खोके, पुन्हा तो अंधार.

“थांब गं,” काका म्हणाले. “नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, तशी ही नवी तार ताणली जातेय. बसेल जाग्यावर. दम धर जरा.”

रोज सकाळी ते माझ्या डोक्यावरच्या खुंट्या पिळत आणि मला सुरात आणत. खुंट्या पिळायच्या त्या डाव्याच हाताने. चेंडूला जे जमले नाही, ते माझ्या खुंट्यांनी हळूच सुरू केले. माझ्या तारा बसल्या, तशी त्यांची बोटेही जागी होऊ लागली. माझा पहिला कॉर्ड, म्हणजे चारही तारांचा एकत्र सूर, एका बोटाने वाजतो. काकांच्या अनामिकेने एक तार दाबली आणि चारही तारा एका श्वासात बोलल्या. त्या सुरावर ते स्वतःशीच गुणगुणू लागले:

सुईबाई सुईबाई, चाल जरा हळू,
मागून येतो दोरा, त्याला नको छळू.

मित्रांनो, किती चिकाटीचा तो माणूस! दोऱ्यासारखाच मागून येत राहिला. एके दिवशी मशीनवरची चादर निघाली. काकू टिचकी मारायचे विसरल्या आणि माझी धूळ पदराने पुसू लागल्या.

पुढे लेक कमावती झाली. दूरच्या गावच्या एक कारागीरबाई हाताच्या मापाने युकुलेले घडवून देतात, हे तिने फोनवर पाहिले आणि बाबांसाठी एक बनवायला सांगितली. बाईंनी तळव्याचे, बोटांचे आणि माझ्या मानेच्या, म्हणजे तारा दाबायच्या दांडीच्या, रुंदीचे माप मागवले. मापाचे काम म्हटल्यावर काकांना हुरूप आला. त्यांनी गळ्यातली टेप काढली, मला मोजले, स्वतःचा पंजा मोजला आणि आकडे कळवले.

नवी आली. काय तिचे रूप सांगू! अखंड लाकूड, त्यावर पाण्यातल्या लाटांसारख्या रेषा, तेलाने उजळलेली कांती. तार छेडली की सूर खोलीभर दरवळे. मला हेवा वाटायला हवा होता, पण मी नुसती ऐकतच राहिले.

काकांनी तिला हाती घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला. बोट तारेपर्यंत पोचेना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा घसरले. त्यांनी तिला खोक्यात परत ठेवले. त्या दिवसापासून त्यांनी मलाही हात लावला नाही. काजे-बटणांची कामे बाजूला पडली. आजार परत आला, हात पुन्हा निकामी होत चालला, हे त्यांनी मनाशी धरून टाकले होते.

शेवटी लेकीने बाईंना व्हिडिओ कॉल लावला. काका मान खाली घालून म्हणाले, “तुमच्या कामात खोट नाही हो. खोट माझ्या हातात आहे.”

बाईंनी विचारले, “काका, माप कसं घेतलंत?”

“कसं म्हणजे? जन्मभर घेतो तसंच.”

मागून काकूंचा आवाज आला, “म्हणजे शिलाईची माया धरून?”

कापड बेतताना शिंपी शिवणीसाठी दोन्ही अंगांना थोडे जास्त सोडतो, त्याला माया म्हणतात. काकांनी लाकडालाही ती सोडली होती. नव्या युकुलेलेची मान रुंद झाली होती. काकांच्या हाताला काही झाले नव्हते. काका आपल्या डाव्या पंजाकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

“लाकडाला शिवण नसते हो,” बाईही हसू लागल्या. “पण जास्त दिलंत ते बरं केलंत. तासून कमी करता येतं, कमी पडलं असतं तर मी कुठून आणणार होते? आता तुम्ही मोजू नका. जुनीलाच पाठवा नवीसोबत.”

मग आम्ही दोघी एका खोक्यातून निघालो. त्या कार्यशाळेत लाकडाचा भुसा होता, सरसाचा वास होता आणि भिंतीवर पटाशा ओळीने टांगल्या होत्या. बाईंनी मला उलटी केली. माझ्या मानेमागे काकांच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत केलेली जागा होती. तिथे त्या बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “हेच माप हवं होतं मला.” कारखान्यात ज्या कौतुकाला सवड नव्हती, ते मला तिथे मिळाले. माझ्यावरून माप घेऊन त्यांनी नवीची मान तासली आणि मला नव्या तारा चढवल्या.

आता नवी घरात वाजते, मी दुकानात. माप देताना चुळबुळणाऱ्या पोरांच्या हाती काका मला देतात. पोर तारा छेडते, स्थिर उभे राहते आणि टेप आपले काम उरकते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे कपाटावर पडली असेल, तर तिला खाली काढा. उन्हात ठेवू नका, धूळ पुसा. नव्या तारा ढिल्या पडल्या तर रागावू नका, रोज थोड्या पिळा. माझ्या तारा परवाच बदलल्या आहेत. सकाळी दुकान उघडले की काका आधी माझ्याकडेच येतात, डाव्या हाताने खुंटी पिळतात आणि म्हणतात, “दम धर गं, बसतील जाग्यावर.”