बटणाला हात न लावता

रविवारी सकाळी काळेवाडीतल्या मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत ना लग्न होतं, ना बारसं. आत माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते आणि त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार होते. मधे चौरंगावर ॲम्प्लिफायर ठेवलेला, त्याच्या आवाजाच्या बटणाला लाल धागा बांधलेला, वर हळदकुंकू वाहिलेलं. समोर दोनशे-अडीचशे माणसं मांडी घालून बसली होती. त्यातली निम्मी प्रेसशॉपची आणि फोर्जिंगची, म्हणजे कारखान्यात दिवसभर लोखंडाच्या दणदणाटात उभी राहून घरी प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागणारी.

स्टेजवर नादमहर्षी भैरवानंद उभे होते. भगवी कफनी, कपाळावर आडवं गंध आणि कानाला वायरलेस माइक.

"भक्तहो! हे इंग्रजी गाणं तुम्ही तीस-तीस वर्षं ऐकलंत. पण ऐकलंत का? नाही! तुम्ही त्याच्यावरचा मळ ऐकलात! कंपनीवाले म्हणतात, आम्ही रीमास्टर केलं. अरे, कंपनीचा मास्टर पगारी! तो शिफ्ट संपली की घरी जातो! आमचा मास्टर हिमालयात बसलाय, त्याला सुट्टी नाही!"

टाळ्या.

"आधी जुनं ऐका."

जुनं रेकॉर्डिंग लागलं. गिटार, ड्रम, गाणारा, सगळं होतं. जरा मागच्या खोलीत वाजल्यासारखं वाटत होतं एवढंच.

"आता आमची नादसंजीवनी. बटणाला हात लावणार नाही! धागा तपासा. या, कोणीही या!"

पहिल्या रांगेतल्या कुसुमताई वर गेल्या, धागा तपासला, आणि तपासलेल्या वस्तूला नमस्कार करून खाली आल्या. महाराजांनी तांब्याच्या वेष्टनातला पेनड्राइव्ह लावला. तेच गाणं, पण काय सांगू! ड्रम छातीवर येऊन आदळला, गिटार पेटली, आणि झांजा अशा छमछम वाजल्या की पहिल्या रांगेत दोघांनी डोळे पुसले. गाणं संपता संपता मागून एक खर्जातला आवाज घुमला, "नादमहर्षी भैरवानंद प्रस्तुत... नादसंजीवनी... संजीवनी... संजीवनी..."

ही शेवटची आरोळी महाराजांच्या पूर्वाश्रमातली. तीन वर्षांपूर्वी हेच महाराज 'भैरू साउंड सर्व्हिस' होते आणि हळदीला, मिरवणुकीला स्पीकरच्या भिंती भाड्यानं द्यायचे. डीजे लोक गाण्यात आपल्या नावाची आरोळी घालतात, म्हणजे दुसऱ्या डीजेनं ते चोरलं तरी चोरी ऐकू यावी. आवाजाचे नियम कडक झाले, धंदा बसला आणि भैरूला साक्षात्कार झाला. कफनी आली, आरोळीची सवय मात्र जाईना.

आता काळेवाडीत इंग्रजी रॉक कुठून आलं, हे सांगितलं पाहिजे. आम्ही आयटीआयला होतो तेव्हा देहूरोडच्या बाजारात, बदली झालेल्या लष्करी कुटुंबांच्या जुन्या कॅसेट स्वस्तात मिळायच्या. त्यातून आमचं रविवार रॉक मंडळ उभं राहिलं. शब्द तेव्हाही कळले नाहीत, आजही कळत नाहीत, त्यामुळे भक्तीत खंड पडला नाही. पुढे सीडी आल्या, जुन्या गाण्यांचे निवडक संग्रह आले, मग त्यांचेच रीमास्टर आले, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग साफसूफ करून पुन्हा काढलेले. दर रविवारी आम्ही चहाबरोबर निवाडे द्यायचो. या सीडीत बास दबलाय, त्या सीडीत गायक मागे गेलाय. अर्धं मंडळ अर्धं बहिरं, पण परीक्षकांची कधी टंचाई पडली नाही.

या मंडळावर भैरूनं पहिली नादसंजीवनी आजमावली. वीस निवडक गाणी, तांब्याचं वेष्टन, किंमत नाही, फक्त दक्षिणा. सगळ्या परीक्षकांनी एकमुखानं नवं पास केलं. खोटं कशाला बोलू, मलाही नवंच चांगलं वाटलं. पण माझी सगळी नोकरी माल नापास करण्यात गेली आहे. आमच्या इन्स्पेक्शनला अख्खा लॉट एका झटक्यात पास झाला की आम्ही आधी आमचं मापाचं गेज तपासायचो. मी ते मंडळात बोलून दाखवलं, तर सगळे म्हणाले, "सोपानराव, तुम्हाला कशातच सुख नाही!"

गाणं चांगलं वाजलं म्हणून कोणी माना डोलावल्या असत्या, तर माझी काही हरकत नव्हती. पण महाराज पुढे सरकले. "संजीवनीनं मेलेला कान जिवंत होतो," असं त्यांनी जाहीर केलं. आणि त्या जाळ्यात पहिला सापडला तो सयाजी.

सयाजी माझा आयटीआयचा मित्र. चाकणजवळच्या गावातला, वडिलोपार्जित शेतात आता गोदामं उभी आहेत. तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये पत्रा ठोकतोय. कानात सतत शिट्टी वाजते, बारीक आवाज ऐकू येत नाहीत. माझी पुतणी दिव्या चिंचवडला कान तपासण्याचं काम करते. तिनं त्याला तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "सयाजीकाका, मशीनवर कानाला आवाज अडवणारे मफ लावल्याशिवाय उभं राहायचं नाही. आणि ऐकण्याचं यंत्र आता घ्या. आहे ते तरी सांभाळू."

सयाजीनं मान डोलावली आणि तो भैरवानंदांकडे गेला. तिथं त्याला पंधरा वर्षांनी झांजा ऐकू आल्या. हॉलमध्ये तो लहान मुलासारखा रडला.

"सोपान, ऐकू आलं रं! छम छम, अगदी साफ!"

महाराजांनी डोक्यावर हात ठेवला. "कान झाकलास की नाद कोंडतो, बाळा. झाकण काढ!"

बाळानं झाकण काढलं. सत्तावन्न वर्षांच्या बाळानं मफ लॉकरमध्ये टाकले, आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता हेडफोन लावून संजीवनी पुऱ्या आवाजात ऐकायला लागला. मी समजावलं, चिडलो, भांडलो. तो म्हणायचा, "तुझी पुतणी म्हणती ऐकू येणार न्हाई. मला तर ऐकू आलं. आता कुणाचं खरं मानू?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त राग यायचा.

मग एके दिवशी त्याची बायको विजयश्रीवहिनी आमच्या घरी आल्या. बसल्या आणि पाणी न घेताच बोलायला लागल्या. "भावजी, काल कंपनीत माल उचलायची फोर्कलिफ्ट गाडी मागं येत होती. ती पीं पीं वाजती ना, ती यांना ऐकूच आली न्हाई. पोरांनी हात धरून ओढलं म्हणून वाचले. घरी येऊन सांगत्यात, महाराजांच्या कृपेनं वाचलो! आता मी काय करू, सांगा."

दिव्या तिथंच होती. तिनं वहिनींना पाणी दिलं आणि मला म्हणाली, "काका, तो पेनड्राइव्ह मला आणून द्या. दोन आणा."

मी दोन आणले. किती दक्षिणा दिली ते सांगत नाही, बायको हे वाचेल. दिव्यानं ते लॅपटॉपला लावले, आमच्या जुन्या सीडीतलं तेच गाणं शेजारी ठेवलं आणि पडद्यावर दोन्हींच्या आवाजाची चित्रं दाखवली. जुन्या गाण्याच्या रेघा कुठे उंच, कुठे ठेंगण्या. महाराजांच्या गाण्याची सरळ पट्टी, वरून कापल्यासारखी.

"यात सिद्धी काही नाही. हळू वाजणारं सगळं वर उचललंय, वर जाणारं छाटलंय आणि झांजांचा आवाज वेगळा चढवलाय. फाइलच मोठ्या आवाजाची आहे. मग बटणाला हात लावायची गरजच काय?"

"मग आपल्याला चांगलं का वाटतं?"

"तेच गाणं थोडं मोठं वाजलं की कुणालाही चांगलंच वाटतं. तुम्हाला, मला, सगळ्यांना. मोठं केलंय हे मात्र चटकन लक्षात येत नाही."

पुढच्या रविवारी आम्ही हॉलमध्ये गेलो. सत्संगात एक 'नादपरीक्षा' असायची. पेनड्राइव्हची शक्ती उतरली असं वाटलं की महाराज तो वाजवून निदान करत, आणि उतरली असेल तर नवी दक्षिणा. मी दोन्ही पेनड्राइव्ह घेऊन स्टेजवर गेलो. दिव्या खाली पहिल्या रांगेत, सयाजीच्या शेजारी बसली.

"महाराज, यातला एक मंदावलाय असं वाटतं. कोणता ते आपणच सांगावं."

"अरे, संजीवनी मला लपत नाही! लाव!"

पहिला लावला. ड्रम आदळला, झांजा छमछमल्या. महाराज डोळे मिटून डुलायला लागले. "अहाहा! यात हिमालय आहे! गुरूंचा श्वास आहे! ऐका, कान धुऊन निघतायत!" हॉल डुलला. सयाजीनं हात जोडले.

पहिला मधेच थांबवून दुसरा लावला. गाण्याचा शेवटचा तुकडा होता, मऊ, मागच्या खोलीतला. महाराजांचा चेहरा आंबट झाला.

"मेला! हा पार मेला! याच्यात नाद उरलेला नाही. सोपानराव, तुमच्या घरात काहीतरी आहे. शंका आहे, शंका! शंकेच्या घरात संजीवनी टिकत नाही! याला माझा स्पर्शसुद्धा झालेला नाही असं वाटतंय, ही कुठल्यातरी भामट्यानं केलेली नक्कल..."

एवढ्यात गाणं संपलं आणि हारवाल्या स्पीकरमधून खर्जातला आवाज घुमला, "नादमहर्षी भैरवानंद प्रस्तुत... नादसंजीवनी... संजीवनी..."

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं.

दिव्या उठून वर आली आणि तिनं माइक घेतला. "नमस्कार. आत्ता महाराजांनी ज्याला मेलेला म्हटलं, ती त्यांचीच संजीवनी आहे. मी फक्त तिचा आवाज जुन्या गाण्याइतका कमी केला. आणि ज्यात हिमालय होता, ते जुन्या सीडीतलं साधं गाणं. ते मी परवा आमच्या स्वयंपाकघरात बसून मोठं केलं. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर. तेव्हा कुकर लावला होता, त्यामुळे श्वास असलाच तर त्याचा असेल. बटणाला मीही हात लावलेला नाही. धागा तपासा."

कुसुमताई पुन्हा वर आल्या. या वेळी धागा तपासला, पण नमस्कार केला नाही.

दिव्यानं लॅपटॉप जोडला, महाराजांचं आणि जुन्या सीडीतलं मूळ, अशी दोन्ही गाणी एकाच मापाच्या आवाजावर आणली, आणि कोणतं कोणाचं ते न सांगता आळीपाळीनं वाजवली. लोकांना हात वर करायला सांगितलं. बहुतेक हात एकाच गाण्याला गेले. ते जुनं निघालं. "यात दम घ्यायला जागा हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

आता महाराजांची कफनीतली भाषा सुटली आणि भैरूची स्वतःची आली. खरं सांगतो, ती कितीतरी बरी होती. "आवाज वाढवला, मग काय खून केला का? लोकांना बरं वाटतंय न्हवं? हा सयाजी बघा, बहिरा माणूस, त्याला ऐकू आलं का न्हाई? सांग सयाजी, आलं का न्हाई?"

गंमत म्हणजे हॉलमधले कितीतरी लोक त्याच्या बाजूनं मान हलवत होते. दोघं-तिघं दिव्यावरच चिडले होते. चांगलं चाललेलं बघवत नाही म्हणे हिला! मला भीती वाटली. आता सयाजी 'आलं' म्हणणार, आणि ते खरंच होतं, त्याला ऐकू आलं होतंच.

सयाजी उठला. आधी त्यानं दिव्याकडे बघितलं.

"पोरी, म्हंजी मला झांजा ऐकू आल्या त्या निस्त्या मोठ्या केल्या म्हणून?"

"हो काका."

"कान बरा झाला न्हाई?"

"नाही काका. जे गेलंय ते परत येत नाही. उरलेलं मात्र राखता येतं. आणि मोठ्या आवाजात ऐकत राहिलात तर तेही जाईल."

इतक्या रविवारांत त्या स्टेजवरून कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. सयाजी मग भैरूकडे वळला. आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"भैरू, मला ऐकू आलं, खोटं न्हाई बोलणार. पण एक सांग. मोठ्या आवाजानं कान बरं व्हत असतं, तर आमच्या प्रेसशॉपात एक तरी बहिरा निघाला असता का?"

प्रेसशॉपची पहिली रांग उठली, मग दुसरी. भैरू स्वतःच स्पीकरचे हार काढायला लागला.

दुसऱ्या दिवशी सयाजीनं मफ लावून शिफ्ट केली आणि संध्याकाळी वहिनींना घेऊन दिव्याकडे यंत्राचं माप द्यायला गेला. शिट्टी अजून वाजते, झांजा पूर्वीसारख्या येणार नाहीत. त्याचं दुःख त्याला आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही.

वाचकहो, भैरूनं चमत्कार केला नव्हता, पण आपल्याला फसवायला त्याला चमत्काराची गरजही पडली नाही. दोन वस्तू त्यानं वेगवेगळ्या मापानं समोर ठेवल्या आणि निवाडा आपल्याकडून करून घेतला. औषध असो, अंगारा असो, की जुन्या गाण्याचा नवा संग्रह, कोणी म्हणालं 'बघा, फरक पडला', तर आधी दोन्ही एका मापावर आणायला सांगा, आणि नावं झाकून पुन्हा बघा. खरं असेल तर ते तसंही टिकेल. आणि सांगणारा माप घेऊ देत नसेल, तर तिथून उठा आणि चपला शोधा.