दोन बोटं खाली

"दोन बोटं खाली करा," फोटोग्राफर म्हणाला. "जमलं तर तीन."

"गाडी आहे का पायजमा?" मिस्त्रीनं गाडीखालूनच विचारलं. "नाडी सैल केली की खाली?"

फोटोग्राफर हसला. त्याची गाडी एवढीशी, पांढरी, साबणाच्या वडीसारखी. पण तिच्यावर त्याचा जीव होता. आतल्या मूळच्या स्प्रिंगा काढायच्या आणि आखूड, ताठ स्प्रिंगा बसवायच्या, म्हणजे गाडी रस्त्याला चिकटून धावते आणि दिसते झोकात. स्प्रिंगांचा खोका त्यानं काखेत धरूनच आणला होता, तान्हं बाळ आणावं तसा.

"लोकांच्या लग्नात फोटो काढायला जातो मी," तो म्हणाला. "आपली गाडी नवरदेवापेक्षा देखणी नको?"

"लोकं जन्मभर वर चढायला धडपडतात," मिस्त्री फळीवरून सरकत बाहेर आला, "आणि तुम्ही पदरचे पैसे घालून खाली बसताय. बसा बापडे."

हा मिस्त्री म्हणजे अंगानं असा किडकिडीत, की गाडीखाली शिरायला त्याला जॅक लावावा लागत नसे, नुसतं गाडीनं श्वास आत घेतला तरी पुरे. पण हात! त्याच्या हातची गाडी खड्ड्यातून गेली तर लागायचं ते खड्ड्याला. मागच्या सीटवर निजलेलं मूल तीन गावं ओलांडून जागं झालं, ते भुकेनं, धक्क्यानं नव्हे. लोक सांगताना चार गावं म्हणायचे, पण आपण खोटं कशाला बोलायचं? तीनच. चौतीस वर्षांत त्यानं केलेली एकही गाडी त्याच कामासाठी परत आली नव्हती. बायको गेली, दात गेले, गॅरेजही लेकीच्या लग्नानंतर जावयाच्या नावावर गेलं. उरलं होतं ते एवढंच. एकही गाडी परत आली नव्हती.

काचेच्या केबिनचं दार उघडून जावई बाहेर आला. शर्टाला इस्त्री, हाताला वास अत्तराचा. गॅरेजला त्यानं नवा बोर्ड लावला होता, कॉफीचं मशीन आणलं होतं, भिंतीवर धावत्या गाड्यांची चित्रं. बोलायला लागला की साखरेनं पाणी मागावं.

"बाबा, गिऱ्हाइकाशी थट्टा नको. साहेब, उद्या बारा वाजता या. गाडी तयार."

"दोन वाजता," मिस्त्री म्हणाला.

"बारा," जावई फोटोग्राफरला म्हणाला.

"जावईबापू, गाडीला थोडं बसू द्यावं लागतं..."

"बाबा, सगळीकडे चार तासांत करून देतात."

"मग सगळीकडे पाठवा."

फोटोग्राफर दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला. काउंटरमागे मिस्त्रीची लेक बसली होती. तिनं पावती फाडली, आणि मान वर न करता म्हणाली, "उद्या या. फोन करते मी."

आता हे बसू देणं म्हणजे काय, तेवढं सांगितलंच पाहिजे. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं लोंबत असतात. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या सांध्यात रबर असतं. लोंबत्या अवस्थेतच बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर ते रबर पिळवटतं, आणि चार महिन्यांत फाटतं. घाईवाले तसंच करतात. मिस्त्री ते चार बोल्ट नुसते हातानं लावून ठेवायचा. मग गाडी चाकांवर उतरवायची, पुढंमागं ढकलायची, तासभर तिच्या वजनावर उभी ठेवायची. नवी नवरी सासरच्या पाटावर टेकते ना, तशी ती हळूहळू बूड टेकते. मग गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यात उतरून, वजन असतानाच, चारही बोल्ट आवळायचे.

पण त्या तासाभरात गाडी दिसते कशी? तयार! चारही चाकं जमिनीवर, बॉनेट बंद, सगळं जिथल्या तिथं. म्हणून मिस्त्रीचा एक रिवाज होता. स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. किल्ली कुणाच्याही खिशात असो, चिंधी मिस्त्रीच सोडणार. लेक सहा वर्षांची असताना तिनं बाहुलीच्या पांघरुणासाठी एक चिंधी सोडून नेली होती. बापानं मारलं नाही, ओरडलाही नाही. तिला शेजारी बसवून त्या गाडीचा एकूणएक बोल्ट सैल करून पुन्हा आवळला. संध्याकाळपर्यंत. पोरगी रडून रडून झोपली, पण धडा जो बसला तो बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यानं काम धरलं. चाकं काढली. जुन्या स्प्रिंगा पकडीत आवळून, दबलेल्या, बाहेर काढल्या. ही वेळ वाईट. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. मिस्त्री तिच्या तोंडासमोर कधी उभा राहायचा नाही. "सासू आणि स्प्रिंग," तो म्हणायचा, "बाजूनं हाताळावी." लाल नव्या स्प्रिंगा चढवल्या, सगळं परत बसवलं, बाराला पाच मिनिटं असताना गाडी खाली उतरली. खरंच देखणी दिसत होती बया. मांजरीनं उडी मारायच्या आधी अंग दाबावं, तशी.

त्यानं चिंधी बांधली, हात धुतले आणि जेवायला घरी गेला. घर गल्लीच्या टोकाला.

एक वाजता परत आला तर खड्ड्यावर नुसती मोकळी जागा.

"गाडी कुठाय?"

लेक काउंटरवर बोटानं रेघा ओढत होती.

"पोरी, गाडी कुठाय?"

"नेली त्यांनी. सव्वाबाराला आले होते."

"आणि चिंधी?"

तिनं केबिनकडे पाहिलं. आत जावई फोनवर कुणाशी तरी हसत होता. ती हळूच म्हणाली, "ह्यांनी सोडली. मी म्हटलं, बाबांना येऊ द्या. तर म्हणाले, गाडी उभी आहे की चार चाकांवर, आणखी काय तिची आरती करायची?"

मिस्त्रीनं पावतीवरून नंबर काढला आणि फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. फोन लावता लावताच तो रस्त्यावर आला, आणि ज्या माणसाला कुणी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, तो धावायला लागला. रस्त्यावर ह्या साठीच्या काडीला पाहून लोक बाजूला झाले. नवव्या वेळी फोन उचलला गेला, पण आवाज भलत्याचाच होता.

"ह्या फोनवाल्याचे तुम्ही कोण?"

कोण? मिस्त्रीनं उलट विचारलं, "गाडी कुठं आहे?"

पुढच्या वळणावर गाडी शाळेच्या कुंपणभिंतीत तोंड खुपसून उभी होती. डावं चाक आत वळलेलं, मुडपलेल्या पायासारखं. एक बोल्ट गळून गेला होता. नशीब, शाळा सुटायला वेळ होता. फोटोग्राफर शाळेच्या पायरीवर बसला होता, उजवं मनगट डाव्या हातात धरून, आणि परत परत एकच म्हणत होता, "हात वळत नाहीये. हात वळत नाहीये माझा."

तिसऱ्या दिवशी तो गॅरेजवर आला. कोपरापर्यंत प्लॅस्टर आणि सोबत थोरला भाऊ, आवाजानं टिनाचे पत्रे हलवणारा.

"तीन महिने कॅमेरा धरता येणार नाही याला! आणि त्यानंतरही मनगट पूर्ण वळेल का, डॉक्टर सांगत नाही. विमा कंपनीच्या माणसानं लिहून दिलंय, बोल्ट आवळलेच नव्हते. गाडी तयार आहे म्हणून कोण म्हणालं? नाव सांगा, नाव! त्याच्यावर तक्रार घालतो."

गॅरेजातले सगळे पाने थांबले. जावयाचा चेहरा पांढराफटक. मग त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"आमच्याकडे एक पद्धत आहे साहेब," तो म्हणाला. "काम पुरं होईपर्यंत बाबा स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतात. पुरं झालं की तेच सोडतात. दुसरं कुणी हात लावत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. परवा चिंधी नव्हती. म्हणून मी किल्ली दिली."

मिस्त्रीनं जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. चोर कुंपणातून शिरला तर एक वेळ समजता येतं. हा तर मालकाचीच किल्ली लावून शिरला. तो लेकीकडे पाहत होता.

"हिला विचारा," जावई म्हणाला. "ही होती इथंच."

थोरला भाऊ काउंटरकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा. चिंधी होती का नव्हती?"

लेकीनं पेनचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.

दोन वर्षांपूर्वी हीच पोरगी एक बॅग घेऊन बापाच्या दारात उभी राहिली होती. चार महिने राहिली. रोज सकाळी उठून केस विंचरायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. शेवटी मिस्त्रीच गेला जावयाकडे, हात जोडून. कशानं बिनसलं होतं ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. गॅरेजच्या कागदावर मात्र त्याच आठवड्यात सही केली. जावई दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन न्यायला आला.

"नव्हती," लेक म्हणाली. टोपणाकडे बघत. "चिंधी नव्हती."

मिस्त्रीचं तोंड उघडलं. कानाखाली मारल्यावर माणूस गाल चोळतो तसा त्यानं हात गालावर नेला. मग खाली घेतला.

"बरोबर बोलतेय ती," तो म्हणाला. "मीच सोडली. जेवायची घाई होती. आवळायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" फोटोग्राफर पहिल्यांदाच बोलला. आरडाओरडा नाही, काही नाही. "चौतीस वर्षं झाली म्हणे तुम्हाला ह्या कामात?"

"पस्तिसावं लागलंय," मिस्त्री म्हणाला.

भाऊ आणखी बराच वेळ बोलला. म्हाताऱ्यांनी घरी बसावं, देवाचं नाव घ्यावं, लोकांच्या जिवाशी खेळू नये. मिस्त्री मान डोलवत राहिला, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असा. तक्रार मात्र झाली नाही. वयाकडे बघून सोडून देतो, म्हणाले. जावयानं दुरुस्ती अंगावर घेतली, कॉफी पाजली, दारापर्यंत पोचवायला गेला. येताना मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माणूस आहे, चुकायचंच. आता असं करू, तुम्ही पान्याचं काम नका करू. बाहेर हवा भरायला बसा. सावली आहे, खुर्ची देतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पाही होतील."

संध्याकाळी सगळे गेल्यावर लेक आली. हातात चहाचा पेला. तो खाली ठेवून तशीच उभी राहिली.

"बाबा, मी..."

"गिऱ्हाईक आलंय बघ काउंटरला," मिस्त्री म्हणाला.

काउंटरला कुणीच नव्हतं. ती गेली.

तर असा तो बाहेर बसायला लागला, हवेच्या नळीपाशी. पहिले काही दिवस जुनी माणसं थांबायची. "काय मिस्त्री, बढती मिळाली वाटतं?" "हो ना," तो म्हणायचा, "आयुष्यभर लोखंड विकलं, आता वारा विकतो." लोक हसायचे. मग बातमी पसरली, आणि पसरता पसरता फुगली, कारण बातमीला काही नळी लावावी लागत नाही. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला दिसत नाही. कुणी म्हणालं पितो. हातगाडीवाल्यानं तर एका अपघाताचे तीन केले. मग जुनी माणसं नुसती हवा भरून जायला लागली.

पाचव्या महिन्यात पांढरी गाडी आली.

काच अर्धी खाली झाली. फोटोग्राफर. उजवा हात स्टिअरिंगवर होता, पण नुसता टेकवलेला. वळवायचं काम डावा करत होता. त्यानं मिस्त्रीला ओळखलं आणि थोडा घुटमळला. पण पुढचा पंप लांब असावा.

"फक्त हवा," तो म्हणाला. "दुसऱ्या कशाला हात लावू नका."

"नाही लावत," मिस्त्री म्हणाला.

उकिडवं बसून त्यानं चारही चाकांत हवा भरली. गुडघे वाजले. टोपणं लावली. आत, काचेपलीकडे, काउंटरमागे लेक उठून उभी राहिली होती, ते त्याला दिसलं. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

नळी गुंडाळून तो गाडीच्या नाकाशी आला. हात आपोआप उचलला गेला. स्प्रिंग कशी बसलीय ते बघायला मडगार्ड तळव्यानं दाबायचं, सोडायचं. हजारो गाड्यांवर असाच टेकवला असेल तो हात. तळवा पत्र्यापासून बोटभर वर आला आणि थांबला. तापलेल्या पत्र्याची धग त्याला तेवढ्यावरूनही लागत होती.

त्यानं हात मागं घेतला, पाठीमागे नेला, दुसऱ्या हातानं धरला, आणि गाडीला जायला जागा करून दिली.