शिंपल्या काढू नयेत

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक. तेलाचे पिंप कापून, ठोकून मला सपाट केले. रंगाऱ्याने पिवळा रंग देऊन त्यावर लिहिले, 'हा फलक असेपर्यंत शिंपल्या काढू नयेत.' 'शिंपल्या'वरचा अनुस्वार तो विसरला होता. मागाहून दिलेले ते टिंब अजूनही जरा मोठेच दिसते.

समुद्राचे पाणी लाल झाले की मला किनाऱ्यावर उभे करीत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे शेवाळ अतोनात वाढले की पाण्याला तो रंग चढतो. काही शेवाळ विषारी असते. शिंपल्या ते खातात आणि विष त्यांच्या अंगात साठते, पाणी निवळल्यावरही काही आठवडे राहते. त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, खाणाऱ्याला होते.

पहिल्या खेपेस माझे कौतुक झाले. लोक मला थांबून वाचत. पण धोका टळल्यावर मला काढायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. माझ्यासमोरच लोक शिंपल्या काढत, खात आणि ठणठणीत राहत. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

पुढे पाणी पुन्हा लाल झाले, मग निवळले. दोन जावा टोपल्या घेऊन आल्या. धाकटी माझ्यापाशी थबकली.

"जाऊबाई, फलक अजून आहे."

"पाणी बघ की किती नितळ झालंय. काढायला विसरले असतील. मागे नव्हते का विसरले?"

थोरलीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. धाकटी मात्र रिकाम्या टोपलीने परतली.

पुढचे मला किनाऱ्यावरच्या बोलण्यातून कळले. शिंपल्या खाऊन थोरलीचे ओठ बधिर झाले, मग बोटे, मग श्वास घेववेना. धाकटीने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. जिवावर बेतले होते, पण निभावले.

धाकटी मत्स्यखात्याच्या साहेबांना माझ्यासमोरच गाठून म्हणाली, "साहेब, वेळेवर लावता तसा वेळेवर काढतही जा. नाहीतर याला कोण विचारतो?"

"खरं आहे तुमचं," साहेब म्हणाले.

शिंपल्यांची तपासणी निर्दोष आली, त्याच दिवशी ते पाना घेऊन आले. बोल्ट गंजले होते. थोरली तिथेच होती. तिने माझी कड दोन्ही हातांनी धरली.

"धरलाय घट्ट," ती म्हणाली. "सोडा तुम्ही."

मित्रांनो, इशारा द्याल तो खरा असू द्या आणि त्याचे काम संपले की तो उतरवा. सध्या मी खात्याच्या गोदामात भिंतीला टेकून उभा आहे. म्हणजे शिंपल्या काढायला हरकत नाही.